तैवानभोवतीचे नारिंगी ठिपके

२ एप्रिल, बुधवार

हेमांगी, लिहायला फार उशीर झाला, माफ कर. ही वही तू जानेवारीत सुट्टीवर आलीस तेव्हा दिलीस आणि उद्यापासून लिहितो असा शब्द मी दिला होता. मग बोंबलाचा हंगाम होता, मग डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, मग शिमगा आला. खरं कारण वेगळंच आहे. सहावीनंतर मी सही सोडून काही लिहिलेलं नाही. दर्यावर वाट दिसत नसली तरी खालचं पाणी काहीतरी सांगतं. कोऱ्या पानाखाली काहीच नसतं.

तू म्हणाली होतीस, "आजोबा, दिवसभर व्हॉट्सॲपवर विचारत असतोस, मी लॅबमध्ये असते. प्रश्न सुचला की वहीत लिही. मी आले की एकदम उत्तरं देते." तर हे प्रश्न.

काल सकाळपासून टीव्हीवर तुझं बेट दाखवतायत. मधे तैवान आणि चारी बाजूंनी लाल बाण. चीनच्या आरमाराने बेटाला वेढा घालून सराव केला म्हणे. सांगणारा माणूस असा ओरडत होता की बाण आता आमच्या वेसाव्याच्या खाडीत शिरतील. तुझी आजी बाजारातून आली, टोपली उतरवली आणि म्हणाली, "आवाज कमी करा, मासं पन दचकतील." मी म्हटलं, मथुरा, पोर त्या बाणांच्या मधे आहे. तिने पाणी प्यायलं आणि सांगितलं की पोरीचा सकाळीच फोन येऊन गेला. तू तिला सांगत होतीस म्हणे की तिकडे कालवांचं आम्लेट मिळतं.

तुझे आईबाप तर माझ्याकडे बघतही नाहीत. चंद्रप्रकाश विमानतळावर माल चढवण्याच्या खात्यात आहे. तो म्हणतो, तैवानला जाणारी विमानं वेळेवर जातायत, म्हणजे काही नाही. सुलक्षणा म्हणते, बाबा, तुम्ही गोळी घेतलीत का.

मला विचारायचं आहे ते असं. समोरच्या किनाऱ्यापासून तुझ्या बेटापर्यंत पाणी किती? मधे खडक आहेत का? आणि ज्यांना बेट घ्यायचं आहे ते उतरणार कुठे? बंदरात तर कोणी उतरू देणार नाही. मग वाळूवर की चिखलात? हे टीव्हीवर कोणीच सांगत नाही. बाण पाण्यावरून सरळ जमिनीवर चढतो, जसा काही दर्याला काठच नसतो.

४ एप्रिल

चीनचा सराव संपला. टीव्हीवरचे बाणही गेले. जीव भांड्यात पडला. तरी संध्याकाळी पुन्हा टीव्ही लावून बघितलं, एखादा बाण राहिलाय का.

बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा नितेश आला होता. त्याने माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. जगातल्या बोटी त्यात ठिपक्यांसारख्या दिसतात. हिरवी मालवाहू, लाल तेलाची, नारिंगी मासेमारीची. मी आधी आपला किनारा बघितला. मग बोटाने नकाशा सरकवत सरकवत लंका ओलांडली, वाटेत दोनदा भलत्याच देशात गेलो आणि शेवटी तुझ्या बेटाशी पोचलो. वेसाव्याहून हर्णैला जावं साधारण तेवढंच मधलं पाणी आहे. एवढंच! मी तरुणपणी हर्णैला कितीदा गेलोय.

नितेशला विचारलं, यात आरमाराची जहाजं कुठली? तो हसला. "काका, चोर कधी कंदील लावून येतो का?"

म्हणजे जे बघायचं आहे ते यात दिसतच नाही. पण मासेमारीच्या बोटी किती! समोरच्या बाजूला जवळा वाळत घातल्यासारखा सगळा दर्या नारिंगी. कुठलं जाळं टाकत असतील? ओहोटीबरोबर फिरतात की पाण्यात रोवलेल्या खुंटाला जाळं बांधून उभ्या असतात? रात्री जेवताना हेच डोक्यात होतं, काट्यासकट बोंबील गिळला.

८ एप्रिल

प्रश्न वहीत लिहायचे असं ठरलं असूनही चिखलाचा एक प्रश्न मी तुला फोनवर पाठवलाच. तू रविवारी सायकलवरून समुद्रावर जाऊन बघून आलीस, हे मात्र फार चांगलं केलंस. तुझ्या शिंचू गावाकडे किनारा चिखलाचा आहे, ओहोटीला पाणी नजरेपार जातं, पाय घोट्यापर्यंत रुततो. फोटोही पाठवलास. चिखलात तुझे पाय आणि शेजारी आणखी दोन पाय, मोठे, बोटांवर केस असलेले. कोणीतरी वाटाड्या असणार. चिखलात वाटाड्या घेतलास हे शहाणपणाचं.

तिथल्या मासळीबाजारात एक म्हातारी कोळीण आहे, तिला तू आमा म्हणतेस. त्यांच्यात आमा म्हणजे आजी. तिचा मुलगा बोट घेऊन जातो. मी तुझ्याकरवी तिला विचारलं, लढाईची भीती वाटते का? तिने उलट विचारलं, तुझा आजोबा कुठला मासा धरायचा? मी बोंबील सांगितलं. तिला तो माहीत होता, त्यांच्याकडे तो तळतात. मग तिने भीतीचं उत्तर दिलंच नाही. मला वाटतं टाळलं.

मथुराला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाई शानी हाय. धंद्याच्या वेळेला कोन असलं विचारतं?"

१३ एप्रिल, रविवार

आज आम्ही मढ बेट घेतलं. लिहायला लाज वाटते, पण मजा आली.

गोदीतून रिटायर झालेला प्रीतम आणि मी बंदरावरच्या चहाच्या टपरीवर बसतो. समोर खाडी, पलीकडे मढ. मी त्याला म्हटलं, तू चीन हो आणि मढ घेऊन दाखव. त्याने ग्लुकोजची बिस्किटं फोडली. मोठी म्हणजे जहाजं, तुकडे म्हणजे सैनिकांच्या होड्या. बशी म्हणजे मढ. तो म्हणाला, सपाट बुडाच्या होड्या भरतीला थेट काठावर आणायच्या, दार पाडायचं, माणसं बाहेर.

मी विचारलं, भरती कुठली? उधाणाची मोठी की भांगाची लहान? उधाणाला वर आणलीस तर पाणी उतरल्यावर होड्या चिखलात बसतील, पुढच्या भरतीपर्यंत हलणार नाहीत. भांगाला आणलीस तर पाणी काठापर्यंत येणारच नाही, तुझी पोरं कमरेएवढ्या गाळात. प्रीतम गोंधळला, एक होडी चहात बुडवून खाल्ली. नितेश मागून म्हणाला, "काका, एवढं कशाला, फेरीबोटीने जा ना. तिकीट काढा, पाच मिनिटांत मढ."

तेवढ्यात मथुरा टोपली घेऊन जात होती. काय चाललंय ते कळल्यावर ती म्हणाली, "मढ घेऊन करनार काय? तिथं माझी बहीन हाय. ती तुमाला पान्यातच बसवंल."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना मला ती बहीण दिसायला लागली. पहाटे दार उघडून करंदीची पाटी बाहेर ठेवते आणि समोर पाण्यात ही सगळी बिस्किटं उभी.

तेव्हा तुझ्या आमाने उत्तर टाळलं नव्हतं, असंही असेल. बेटावर जो राहतो त्याने रोज किती घाबरायचं?

आपणही बेटावरच राहतो, असं प्रीतम म्हणतो. आपलं वेसावं ज्या साष्टीवर आहे ती बेटच, पूल बांधले म्हणून आपण विसरलो. हे मला सत्तरी उलटल्यावर कळतंय.

२१ एप्रिल

तिकडे दर्याच्या देवीची पालखी निघाली. तिचं नाव माझू. तुझे फोटो आले. लोक रस्त्यावर आडवे झोपतात आणि पालखी त्यांच्यावरून जाते. मथुराने फोटो मोठा करून बघितला आणि फोनलाच नमस्कार केला. म्हणाली, आपली एकवीरा आणि ही बहिणी असतील, लग्न होऊन लांब दिल्यात.

फोटोत तुझ्या शेजारी एक उंच मुलगा आहे. सम्यक नाव, नागपूरचा, तुझ्याच लॅबमध्ये आहे असं तू मथुराला सांगितलंस. चांगला वाटतो. परक्या देशात एखादं मराठी बोलणारं माणूस असलं की बरं.

मग तू नऊ मेचं सांगितलंस. त्या दिवशी कंपनीत तोंडी परीक्षा आहे. तिघांना बोलावलंय, एकालाच घेणार. घेतलं तर पाच वर्षांची पक्की नोकरी, तिथेच. चंद्रप्रकाशने पेढे आणतो म्हटलं. सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसत होती. मी सगळ्यांच्या आधी विचारलं, हीच नोकरी अंधेरीत नाही का मिळणार? एवढ्या कंपन्या आहेत सीप्झमध्ये. तू म्हणालीस, "आजोबा, मी ज्या चिप बनवते त्या जगात तीनचार ठिकाणीच बनतात रे."

ज्या बेटावर एवढी मोलाची वस्तू बनते ते बेट कोणीतरी घेणारच. हे सरळ आहे. मी काही स्वतःसाठी बोलत नाही. पाच वर्षांत मी असेन नसेन, तो प्रश्न नाही. प्रश्न दर्याचा आहे.

२५ एप्रिल

काश्मीरात फिरायला गेलेल्या माणसांना मारलं. डोंबिवलीचीही माणसं होती त्यांत. तीन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. टीव्हीवर सगळं तेच, आता काय होणार, कधी होणार. तैवानचं नावही कोणी काढत नाही.

मी ॲप बघतो. कोणीतरी तिकडेही बघायला हवं. नारिंगी ठिपके जागच्या जागी आहेत.

१ मे, गुरुवार

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

मच्छीमार सोसायटीत महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं. घरी येऊन जेवलो, जरा पडलो, उठून फोन उघडला. तुझ्या बेटासमोरचा दर्या रिकामा. काल संध्याकाळपर्यंत जिथे बोट ठेवायला जागा नव्हती तिथे निळं पाणी. सगळे नारिंगी ठिपके चीनच्या बंदरांत एकावर एक चढून बसलेत. मला वाटलं फोन बिघडला. बंद करून चालू केला. आपल्याकडच्या बोटी दिसत होत्या, मालाची जहाजं दिसत होती. फक्त त्यांचे मच्छीमार गायब.

मी उभा जन्म तांडेल म्हणून होडी चालवली. एवढं मला कळतं की हंगाम चालू असताना, हवा चांगली असताना, सगळ्या होड्या एकाच दिवशी आपखुशीने घरी येत नाहीत. कोणीतरी सांगावं लागतं. एकाहत्तरच्या डिसेंबरात मी पोरगा होतो. तेव्हा आम्हाला असंच जाळी उचलायला लावून परत पाठवलं होतं आणि लगेच लढाई लागली होती. आरमाराला काम करायचं असलं की आधी जाळी दूर करावी लागतात. पंख्यात दोरी अडकली की मोठं जहाजही लुळं पडतं.

प्रीतमला दाखवलं. त्याने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, "धर्मा, यात दम आहे." चंद्रप्रकाशला दाखवलं तर तो म्हणाला, बाबा, टीव्हीवर काहीच नाही. अरे, टीव्ही दुसऱ्या सीमेकडे बघतोय, म्हणूनच तर! ज्याला चोरी करायची तो शेजारी भांडण लागल्यावरच करतो.

२ मे

हे पान तुला वही देण्याआधी फाडून टाकायचं.

सकाळी फोन केला. तू म्हणालीस, "बोल आजोबा, पटकन बोल." मी दर्याचं सांगितलं. एकूण एक सांगितलं, एकाहत्तरचंही. तू ऐकून घेतलंस आणि मायेने हसलीस. म्हणालीस, नऊ तारीख होऊ दे, जूनमध्ये येतेच आहे. जून! तोपर्यंत बंदरं बंद होतील, विमानं बंद होतील. नऊ तारखेला तू पाच वर्षांसाठी हो म्हणून बसशील.

मग माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, "माझ्या छातीत दुखतंय. एकदा येऊन जा."

मग तू विचारलंस, "कधीपासून?" हा आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं चारपाच दिवस झाले, घरात कोणाला सांगू नकोस, उगीच दवाखान्यात टाकतील.

खोटं बोललो. पण बुडणाऱ्या माणसाला केसाला धरून ओढतात. तेव्हा कोणी केसांची विचारपूस करत नाही.

३ मे

तू आईला सांगितलंस. सांगू नको म्हटलं होतं.

चंद्रप्रकाशने रजा टाकली आणि मला रिक्षात घालून अंधेरीला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं, पट्ट्यावर चालायला लावलं. डॉक्टरीण तुझ्याच वयाची. रिपोर्ट बघून म्हणाली, आजोबा, हृदय तरण्या माणसासारखं आहे, फक्त फोन कमी बघा. चंद्रप्रकाश खाली येऊन पायरीवर बसला आणि बराच वेळ रुमालाने तोंड पुसत होता. मी त्याला उसाचा रस प्यायला सांगितलं.

रिपोर्ट तुला पाठवला. मला वाटलं आता तू यायची नाहीस. जेवण गोड लागलं नाही. संध्याकाळी तुझा निरोप सुलक्षणाला आला, तिने तो मोठ्याने वाचला. "रिपोर्ट काहीही असो, मी येतेय. आजोबा जगभराची काळजी करतो, पण स्वतःच्या अंगाबद्दल आजवर एक शब्द बोलला नाही. आता बोलला म्हणजे काहीतरी आहे." सहा तारखेचं विमान, बँकॉकमार्गे. कंपनीने तारीख पुढे ढकलायला नकार दिला. तुझ्या जागी चौथ्याला बोलावतील. पण सात तारखेपर्यंत कळवलंस की येतेय, तर जागा राहील म्हणे. तू कळवणार नाहीस, असं तू लिहिलंस. तो सम्यकही सोबत येतोय, सामानाला हातभार होईल. आणि तुला आम्हाला समोर बसून काहीतरी सांगायचंही आहे. नोकरीचंच असणार.

सुलक्षणा निरोप वाचून स्वयंपाकघरात गेली. चंद्रप्रकाश पेढ्यांबद्दल काही बोलला नाही.

मी मथुराला म्हटलं, सात तारखेला बाजारात घोळ मासळी मिळाली तर बघ. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "परवा छाती दुखत व्हती ना? मंग तीन बांगडं कोनी खाल्लं?"

मी फोन उघडून ठिपके बघायला लागलो. ती टोपली उचलून गेली.

५ मे, सोमवार

तू मासळीबाजाराचा फोटो पाठवलास. आमा हसतेय, समोर माशांची रास. खाली लिहिलंस, "आजोबा, तुझ्या रिकाम्या दर्याचं आमाला विचारलं. ती म्हणते चीनची मासेमारी बंदी लागली. दर वर्षी एक मेला लागते, ऑगस्टपर्यंत. आता तिच्या मुलाला दर्या मोकळा. ती फार खूश आहे. तू आता ताण घेऊ नको, नीट झोप, मी येतेय."

मी ते दोनदा वाचलं. मग बंदरावर जाऊन बसलो.

मासेमारी बंदी. मासा अंड्यावर असतो म्हणून होड्या ओढून ठेवायच्या. मी, वेसाव्याचा तांडेल, ज्याने आपल्या सोसायटीच्या सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं की आपली बंदी एक जूनला नको, पंधरा मेपासूनच लावा, नाहीतर पापलेट संपेल. आमदारांसमोर बोललो होतो. आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही की त्यांच्या माशालाही अंडी असतील. मला त्यांच्या दर्यात फक्त जहाजं दिसली.

प्रीतमला सांगितलं. तो इतका हसला की चहा नाकातून आला. "अरे, आपण तर मढ घेतलं होतं!" मग माझं तोंड बघून थांबला आणि विचारलं, पोरीला कळवलंस का, येऊ नको म्हणून? मी म्हटलं, कळवतो.

६ मे

सकाळी मथुराने पुन्हा विचारलं. मी सगळं कबूल केलं. ती मासे कापत होती, कोयता खाली ठेवला नाही. "फोन लावा," म्हणाली. "आत्ता लावा. तिला बोला मी ठीक हाय. परीक्षेला जा."

मी म्हटलं, तिची लॅबची वेळ आहे, दुपारी लावतो. दुपारी म्हटलं, आता सामान भरत असेल, तिकीटही परत होणार नाही. नऊ तारीख गेली तरी पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील की. हुशार आहे. शिवाय दोन दिवस घरचं खाईल, आल्यावर समोर बसवून सांगेन, रागावली तरी समोर रागावेल. फोनवर रागावलेलं माणूस हातात सापडत नाही.

तुझा विमानतळावरून फोन आला. "आजोबा, कसं वाटतंय?" मथुरा दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "बरं वाटतंय. जपून ये."

मथुरा आत निघून गेली. रात्री माझं ताट झाकून ठेवलं आणि झोपायला गेली.

टीव्हीवर सांगितलं, उद्या दुपारी मुंबईत भोंगे वाजवून सराव होणार आहे, घाबरू नका. मी म्हटलं चला, आता आपल्याकडेही सराव. घोळीचं नक्की झालंय, नितेशच्या भावाच्या बोटीवरून येईल.

७ मे, बुधवार

पहाटे सुलक्षणाने हलवून उठवलं. आपल्या विमानांनी रात्री सीमेपलीकडे मारा केला. आता ते काय करतील कोणाला माहीत नाही. टीव्हीवर पुन्हा नकाशा आणि पुन्हा लाल बाण, आणि या वेळी नकाशाच्या खालच्या टोकाला मुंबई. चंद्रप्रकाश अंगात शर्ट चढवत बाहेर पडला. त्याच्या खात्यात सगळ्यांना बोलावलंय. उत्तरेकडचे किती तरी विमानतळ बंद, बाकीच्या विमानांच्या वेळा बदलल्या, कुठलं कधी येईल याचा पत्ता नाही.

तू बँकॉकला उतरलीस एवढा निरोप पहाटे आला होता. पुढचं विमान सुटलं की नाही ते कळत नाही. चंद्रप्रकाशने तिथून दोनदा फोन केला. एकदा म्हणाला सुटलं नसावं, एकदा म्हणाला विचारतो. त्याच्या मागे लोक ओरडत होते.

दुपारी चारला भोंगा वाजला. सराव आहे हे माहीत होतं. तरी अख्ख्या कोळीवाड्यात कोणी हललं नाही. बायका मासे निवडत होत्या त्या हात तसेच धरून राहिल्या. एवढा मोठा आवाज आणि त्यात आमच्यापैकी कोणी काहीच करू शकत नाही. मला तुझ्या आमाची आठवण झाली. तिला मी भीती वाटते का म्हणून विचारलं होतं, जसं कोणी हवा कशी आहे विचारतं.

भोंगा थांबल्यावर मथुरा माझ्यासमोर येऊन बसली. पदराने हात पुसले आणि म्हणाली, "पोर तिथं सुखात व्हती. तुमी तिला उठवून इथं बोलावलंत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

माझ्यापाशी पूर्ण एक दिवस होता. काल सकाळी फोन लावला असता तर तू आत्ता लॅबमध्ये असतीस. मी लावला नाही, कारण तू येणार होतीस. दर्या मोकळा झाला, चीन येणार, हे सगळं पाच तारखेलाच संपलं होतं. त्यानंतर उरलो होतो तो फक्त मी. हे पान मी फाडणार नाही, दोन तारखेचंही नाही.

आता फोनवर लिहून पाठवलंय तेच इथेही लिहितो, म्हणजे कुठे ना कुठे तुला सापडेल. माझी छाती कधीच दुखली नव्हती. मी खोटं बोललो. इथे येऊ नकोस. तिथूनच मागे फीर, कंपनीला आजच्या आज कळव, नऊ तारीख अजून गेलेली नाही. सम्यकला सांग, त्याने तिकिटं बघावीत, तो शहाणा दिसतो. तुझी आई, बाप, आजी, आम्ही सगळे जागच्या जागी आहोत. आमचं काय व्हायचं ते इथेच होईल. तू त्यात येऊ नकोस.

फोनवर त्या निरोपासमोर अजून एकच खूण आहे, पोचल्याची दुसरी उमटत नाही. मी हातातून फोन ठेवलेला नाही. सुलक्षणा चार्जर घेऊन आली, तसाच लावून बसलोय.

हेमांगी, विमानात असलीस, बँकॉकला असलीस, जिथे असशील तिथून एक शब्द पाठव. रागाचा पाठव, शिवी पाठव, नुसतं नाव लिहून पाठव. पण लवकर पाठव गं.